जुन्नर समजून घ्यायचंय? मग सुरुवात घाटाखालून करा

मी कल्याणची. लग्नाआधी आणि नंतर मिळून लेण्याद्रीला चार वेळा जाऊन आले होते. दरवेळी तेच: पायऱ्या, गिरिजात्मजाचं दर्शन, खाली उतरून चहा, आणि अंधार पडायच्या आत माळशेज उतरायची घाई. गणपतीच्या शेजारच्या लेण्यात माझ्याच गावच्या एका माणसाचं नाव अठराशे वर्षांहून जास्त काळ कोरलेलं आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. मग वाचायला लागले, पुन्हा गेले आणि पुन्हा गोंधळले. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. कुठून सुरू करायचं आणि काय बघायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

तीन-चार खेपांनंतर एक गोष्ट उमगली. जुन्नर हे घाटमाथ्यावरच्या व्यापाराचं गाव. तिथे माल ज्या वाटेने, म्हणजे नाणेघाटाने, आला त्याच वाटेने आपण गेलो, तर लेणी आपोआप उलगडतात. थेट शिवनेरीपासून सुरुवात केली तर सगळं सुटं सुटं दिसतं. म्हणून हा लेख. दोन दिवस हाताशी असलेल्या आणि याआधी ब्राह्मी लिपीचं एक अक्षरही न पाहिलेल्या माणसासाठी तो लिहिला आहे.

१. निघण्यापूर्वी: महिना, कागद, सामान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, नाणेघाटावर उलटा धबधबा बघायला इतकी गर्दी होते की घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गुहेत माणसं दाटीवाटीने उभी असतात, भिंती ओल्या, धुक्याने हात दिसेनासा होतो. त्या दिवसांत निसर्ग बघायला जरूर जा, दगडात कोरलेले लेख वाचायला नको.

सोबत हे घ्या:

- ओळखपत्र आणि सुटे पैसे. लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ऑनलाइन पैशांवर अवलंबून राहू नका.
- ब्राह्मी अक्षरांचा एक पानी तक्ता, छापलेला.
- ज्या लेखांसमोर उभं राहणार आहात त्यांचं देवनागरी वाचन आणि अर्थ, तेही कागदावर. मोबाइलमध्ये ठेवलेलं ऐनवेळी सापडत नाही, आणि गुहेत एका हातात टॉर्च असते.
- चांगली टॉर्च. हिचा उपयोग पुढे सांगते.
- छोटी दुर्बीण. काही लेख उंचावर आहेत.
- माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट.

अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून जाऊ नका. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, सगळीकडे कड्यांना आग्या मोहोळ असतं. जवळपास कोणी काडी ओढली किंवा धूर केला तर तिथून लगेच बाजूला व्हा. हा इशारा मनावर घ्या, कारण लेण्यांत पळायला जागा नसते.

२. चार शब्द आधी शिकून घ्या

लेख प्राकृतात आहेत. ऐकायला अवघड वाटतं, पण ही आपल्या मराठीची आजी आहे. थोडा कान दिलात तर ओळखीची निघते.

‘लेण’ म्हणजे लेणं. शब्द जसाच्या तसा आपल्याकडे आला. ‘देयधम’ म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू. हा शब्द जवळजवळ प्रत्येक दानलेखात सापडतो, म्हणून अक्षरओळख याच्यापासूनच सुरू करा. ‘सेणि’ म्हणजे श्रेणी, एका धंद्यातल्या लोकांची संघटना. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं. ‘गभ’ म्हणजे खोली. आपला गाभारा त्याच घरातला.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो ‘बे’ या शब्दाने. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दिलेल्या दानाची नोंद आहे: ‘बे पोढियो’, म्हणजे दोन टाकी. बे एके बे, बे दुणे चार म्हणताना आपण जो ‘बे’ म्हणतो, तोच हा. पश्चिमेकडून आलेल्या एका माणसाच्या नावापुढे तो दगडात कोरलेला आहे. हे मुलांना जरूर सांगा. माझ्या मुलीला ब्राह्मीची गोडी याच एका शब्दाने लागली.

३. पहिला दिवस: वैशाखऱ्यापासून चढा

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणारी एसटी पकडा आणि वैशाखरे गावाजवळ नाणेघाटाच्या फाट्यावर उतरा. सकाळी सातच्या आत चालायला लागा. सवय असेल तर अडीच तास, नसेल तर साडेतीन. आधी झाडीतून सोपी वाट आहे, नंतर दगडी पायऱ्यांचा चढ.

ही चाल टाळू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने माथ्यावर यावं. तिथून गुहा थोडंसं उतरलं की येते. पण ज्यांना चढणं शक्य आहे त्यांनी खालूनच यावं. कल्याण आणि सोपारा ही बंदरं. तिथे उतरलेला माल खाडीकाठाने, मग जमिनीवरून या घाटाच्या पायथ्याशी यायचा आणि जनावरांच्या पाठीवरून वर चढायचा. वर जुन्नर, पुढे पैठण, त्याच्याही पुढे तेर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भरूच ते पैठण अंतर वीस दिवसांचं आणि पैठणहून तगर, म्हणजे तेर, आणखी दहा दिवसांचं दिलं आहे. पाठीवर आठ किलोची पिशवी घेऊन तीन तास चढलात की वीस दिवस म्हणजे काय, याचा अंदाज पायांना येतो.

चढताना टाकी मोजा. घाटात आणि माथ्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या एकावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. दुसऱ्यावर वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षाचा उल्लेख आहे. ते टाकं दामघोष नावाच्या गृहस्थाने दिलं. घामाघूम होऊन पोचल्यावर या नावांकडे बघा. घाटात पाणी असलं तरच जनावर चढणार, आणि जनावर चढलं तरच व्यापार होणार. पाणी देणं हे पुण्याचं काम होतं आणि वाट चालू ठेवण्याचंही. दुसऱ्या दिवशी लेण्यांत पुन्हा पुन्हा ‘पोढी’ भेटेल, तेव्हा ही तहान आठवेल.

४. नाणेघाटाची गुहा: अर्धा तास नाही, दोन तास द्या

बहुतेक लोक इथे सावलीत डबा खातात आणि निघतात. तुम्ही थांबा.

गुहा चौकोनी आहे, बाजूला दगडी बाक. डाव्या-उजव्या भिंतींवर लांबलचक लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. पुढे यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा.

इथे अंक शोधा. लेखात १,००१ गायींचं दान पुन्हा पुन्हा येतं, आणि २४,४०० कार्षापणांसारखा (कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं) मोठा आकडाही आहे. हे आकडे अक्षरांत नव्हे, अंकचिन्हांत लिहिलेत. ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत यांची गणना होते. पुढे जगभर गेलेल्या आपल्या अंकांचे हे पूर्वज, आणि ते बसलेत जकातीच्या वाटेवरच्या भिंतीवर, जिथून रोज मोजणी करणारे लोक जात-येत होते. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. राणीला आपली श्रीमंती ज्यांना दाखवायची होती, ते वाचणारे आणि हिशेब समजणारे लोक याच वाटेने चालले होते.

आता टॉर्चचा उपयोग. उजेड समोरून मारलात तर भिंत सपाट दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने, तिरकी धरा. खोदलेल्या रेघांत सावली साचते आणि अक्षर उभं राहतं. पहिल्यांदा मी पाऊण तास समोरून उजेड मारत बसले होते आणि एकही अक्षर लागलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर वर बघा. तिथे सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण वर नावं टिकून आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे आपली नागनिकाच) आणि राजा सिरी सातकनी, काही कुमार आणि एक महारठी. ‘महारठी’ हा शब्द स्वतः वाचून काढा. तीच अक्षरं तक्त्यावरून जुळवायला सोपी जातात.

बाहेर माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं परंपरेने सांगतात. घाटाच्या नावाशीही ते जुळतं. पण रांजणाभोवती फोटो काढून गुहेतला लेख न बघता परतणारे लोक दर खेपेला दिसतात, म्हणून सांगते: आधी गुहा, नंतर रांजण.

५. माथ्यावरून जुन्नर

घाटघरला जेवणाची सोय घरोघरी होते, पण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. ज्या मावशींकडे आम्ही जेवतो त्या पिठलं-भाकरीसोबत हिरड्याच्या हंगामाच्या गोष्टी सांगतात. या पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर लोक बाळहिरडा गोळा करून विकतात. रानातला माल घाटमाथ्यावरच्या बाजारात नेण्याची ही रीत अजून चालू आहे.

इथून जुन्नर तीस किलोमीटरच्या आसपास. एसटी मोजक्या आहेत. परतीची जीप जुन्नरहूनच ठरवून ठेवा, आणि गाडीवाल्या दादांना चारची वेळ सांगा. वाटेत जीवधन, चावंड, हडसर दिसतील आणि शेवटी शिवनेरी. एका वाटेवर चार किल्ले. त्यावरून वाटेची किंमत कळते.

६. रात्री वाचायची एक गोष्ट

मुक्काम जुन्नरमध्येच करा आणि झोपण्यापूर्वी एवढं समजून घ्या. घाट ताब्यात असणं म्हणजे पैसा ताब्यात असणं, त्यामुळे यावर भांडणं झाली. ‘पेरिप्लस’ सांगतो की कल्याण पूर्वी मोकळी पेठ होती, पण नंतर तिथल्या व्यापाराला अडथळा आला; तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात. त्याच सुमाराच्या संघर्षात पश्चिमी क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ते, या भागात आले. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, त्या काळच्या गणनेप्रमाणे वर्ष ४६ चा. त्याने काय दिलं? एक टाकं आणि एक मंडप. राज्य बदललं, पण घाटातला शिरस्ता नव्या अधिकाऱ्यानेही पाळला.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नहपानाची नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारून ती पुन्हा चलनात आणली होती.

७. दुसरा दिवस, सकाळ: गाव

सातला बाजारपेठेत फिरा. आठवडे बाजाराचा दिवस साधता आला तर उत्तम. तारीख ठरवण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. ‘जीर्णनगर’वरून जुन्नर, असं म्हणतात. जुनं नगर आजच्या घरांखाली आहे. डेक्कन कॉलेजने इथे केलेल्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. पुढच्या काळातही गावाला महत्त्व होतं. निजामशाहीची सुरुवात इथूनच झाली, आणि मराठी दफ्तरांत वापरला जाणारा जुन्नरी कागद इथलाच.

नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर खापरांचे तुकडे, मणी दिसतात. ते उचलू नका. आठवण म्हणूनसुद्धा नको. तुकडा जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती संपते, आणि पुरावस्तूंबाबत १९७२ चा कायदाही कडक आहे.

८. लेण्याद्री

गावापासून पाचेक किलोमीटर. साडेआठला पायथ्याशी असलात तर ऊन चढायच्या आत तीनशेच्या आसपास पायऱ्या होतात. माकडांपासून पिशव्या सांभाळा; खाऊ हातात धरू नका.

वर आलात की आधी दर्शन घ्या, पण देवळात उभं राहून मान वर करा. हे सातवं लेणं. मधे एकही खांब नसलेलं प्रचंड दालन, बाजूने खोल्या. मुळात हा भिक्षूंचा विहार. पावसाळ्यात फिरणं बंद करून भिक्षू अशा ठिकाणी राहत. वर्षभर वाटेवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची त्यांच्याशी ओळख असे, आणि त्यांच्या निवाऱ्याचा खर्च याच लोकांनी उचलला.

हा खर्च कोण करत होतं, हे जुन्नरच्या लेखांतून जितकं स्पष्ट कळतं तितकं फार थोड्या ठिकाणी कळतं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याचा उल्लेख आहे, दरमहा ठरलेलं उत्पन्न यावं म्हणून. म्हणजे कारागिरांची संघटना आजच्या पतपेढीसारखी ठेवी सांभाळत होती आणि लोकांचा तिच्यावर विश्वास होता. अडुथुम नावाच्या एका शक उपासकाने २० निवर्तनं (हे जमिनीचं जुनं माप) जमीन दिली, करंजाच्या झाडांसाठी. राजांची नावं या लेखांत क्वचितच येतात. नावं येतात ती धान्यवाल्यांची, सोनारांची, गृहस्थांची. वीरसेनक नावाच्या गृहपतिप्रमुखाने एक चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, दिलं आणि कारण लिहिलं ‘सवलोकहितसुखाय’. सगळ्या लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी.

एक सापळा: ‘यवन’ शब्द दिसला की लगेच ‘रोमन व्यापारी’ म्हणून मोकळं होऊ नका. इरिल, चिट, चंद ही नावं आणि त्यांची दानं बघा: टाकी, भोजनमंडप, गर्भद्वार. त्यांनी इथल्या भाषेत, इथल्या लिपीत, इथल्या संघाला दान दिलं. परक्या गावात चार दिवस थांबलेल्या माणसाचं हे वागणं नव्हे.

दुसरा सापळा म्हणजे हात. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कोणी खडू फिरवतं, कोणी पाणी मारतं, कोणी बोटाने गिरवतं. तिन्ही गोष्टींनी दगड झिजतो. टॉर्च पुरते. ट्रायपॉड किंवा ड्रोनसाठी आधी परवानगी लागते. ती नसेल तर तिथे पोचून वाद घालू नका.

९. दुपार: शिवनेरी किंवा तुळजा, एकच निवडा

दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात.

शिवनेरीवर शिवजन्मस्थानाला सगळेच जातात आणि जावंच. पण त्याच डोंगराच्या कड्यात चहूबाजूंनी लेणी आहेत, आणि चिट नावाच्या यवनाने दिलेला भोजनमंडप तिथलाच. लेण्यांची वाट गडाच्या पायऱ्यांपासून वेगळी फुटते, काही जागी निसरडी आहे. गावातल्या माहीतगार माणसाला बरोबर घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवून, नीट द्या. आम्हाला वाट दाखवणारे मामा प्रत्येक टाक्याचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे सांगत होते. ही माहिती कुठल्या कागदावर मिळत नाही.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर तुळजा लेणी. गावाच्या पश्चिमेला, चढ कमी. तिथलं चैत्यगृह गोल आहे, बारा अष्टकोनी खांबांचं. असा गोल आराखडा लेण्यांत फार दुर्मीळ.

मानमोडी तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. वाट नीट मळलेली नाही, मधमाश्या पुष्कळ, आणि एकट्याने तर मुळीच जाऊ नका.

१०. निघण्याआधी सहावं लेणं

मी मुद्दाम हे शेवटी ठेवलं आहे. लेण्याद्रीवरून उतरण्याआधी गणपतीच्या शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात जा. दोन्ही बाजूंना खांब, मधे स्तूप, आणि वर कमानी छत. हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं. तो हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा. लेख व्हरांड्यात आहे, दुर्बीण काढा. तक्ता घेऊन आधी ‘क’ शोधा: अधिकचिन्हासारखा, एक उभी आणि एक आडवी रेघ. त्यानंतर ‘ल’. मग पुढची अक्षरं आपोआप जुळतात. मी माझ्या गावाचं नाव असं एकेक अक्षर करून वाचलं, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ तिथून हलले नाही. आदल्या दिवशी मी चढले त्याच घाटाने कल्याणची माणसं आणि कल्याणचा पैसा इथवर आला होता.

परतीला जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणची एसटी घ्या. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका. वेळा सकाळीच स्थानकावर विचारून ठेवा. जागा डाव्या खिडकीची धरा. घाट उतरून वैशाखऱ्याजवळ आलात की त्या बाजूला नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा हा सुळका दिसतो, आणि त्याच्या शेजारी ती खाच, जिथून आपण चढलो.